मदत थांबवली, तर बहीण स्वतःच्या पायावर उभी राहील का?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून त्याचा सारांश देत आहे.

त्या 34 वर्षांच्या आहेत. नोकरी, नवरा आणि दहा वर्षांचा मुलगा असा त्यांचा संसार आहे. त्यांची 21 वर्षांची धाकटी बहीण आपल्या नऊ महिन्यांच्या मुलीसह गेले सहा महिने त्यांच्या घरी राहते. बाळाचा बाप गरोदरपणातच निघून गेला आणि आता फोनही उचलत नाही. आई-वडील हयात नाहीत. ताईंनी बहिणीला खोली दिली, हिशेबलेखनाच्या कोर्सची फी भरली, पाळणाघर शोधले आणि दिवसाचे वेळापत्रक लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवले. तरीही बहिणीने कोर्स दोनदा सोडला, पहिल्यांदा तीन आठवड्यांनी आणि दुसऱ्यांदा दोनच आठवड्यांनी, आणि दोन्ही वेळा ‘बाळाला बरे नाही’ हेच कारण सांगितले. ती दिवसा झोपते, हातात फोन घेऊन बसून राहते, लहानशा बोलण्यावरून रडते. ‘साधी गोष्टही ती स्वतःहून ठरवत नाही. बाळाला आंघोळ घालायची तरी “ताई, आता घालू का?” असे मला विचारते,’ असे ताई लिहितात. ‘तू डोक्यावर बसवून ठेवलेस म्हणून ती अशी झाली,’ असे त्यांच्या पतीचे म्हणणे आहे. गेल्या आठवड्यात रागाच्या भरात ताईंनी बहिणीला दोन महिन्यांची मुदत दिली. त्यांचा प्रश्न असा: ‘तिला मार्गी लावणे ही माझी जबाबदारी आहे. मी मदत थांबवली, तर ती स्वतःच्या पायावर उभी राहील का?’

तुमचे पत्र मी दोन-तीनदा वाचले. सहा महिने तुम्ही जे निभावले आहे ते थोडेथोडके नाही, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून मुदतीची भाषा निघते यात मला नवल वाटत नाही. तरीही पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती मुदतीपाशी नव्हे, आंघोळीच्या वाक्यापाशी. बहीण किती परावलंबी झाली आहे याचा पुरावा म्हणून तुम्ही ते लिहिले आहे. मला त्यात दुसरेच काही दिसले. नऊ महिने एकटीने, रात्री जागून, ज्या मुलीने बाळ सांभाळले, तिला आंघोळ कधी घालायची हे कळत नाही असे होणार नाही. मग ती विचारते कशासाठी? घर तुमचे आहे, न्हाणीघर एक आहे, गरम पाणी मोजके आहे, दाजींना कामावर आणि भाच्याला शाळेत जायचे आहे. आपण कोणाच्या आड येत नाही ना, एवढेच ती कदाचित विचारत असेल. ज्या घरात आपले असे काहीच नाही, तिथे माणूस पाण्याच्या बादलीलासुद्धा परवानगी मागू लागतो. तुम्ही तिला कधी वाईट बोलला असाल असे मला म्हणायचे नाही. उपकाराच्या ओझ्याखाली हे आपोआप घडते, आणि उपकार करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

आता तुमचा शब्द घेऊ. ‘मार्गी लावणे’ हा आपल्याकडे फार सहज वापरला जाणारा शब्दप्रयोग आहे. रखडलेले काम आपण मार्गी लावतो, अडकलेली फाइल मार्गी लावतो. त्या कामाला किंवा फाइलला स्वतःचे मत नसते. माणूस मात्र मार्गी लागतो, आणि तो मार्ग त्याने स्वतः निवडला असेल तरच त्यावर टिकतो. तुमच्या पत्रात खोली, फी, पाळणाघर आणि वेळापत्रक या चारही गोष्टी तुम्ही दिल्या आहेत आणि चारही तुम्हीच ठरवल्या आहेत. हिशेबलेखनाचा कोर्स कोणाला सुचला, हे पत्रात कुठेच लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे की तो तुम्हाला सुचला, कारण तो समंजस, खात्रीचा आणि घरापासून जवळ होता. बहीण ‘हो’ म्हणाली, कारण त्या घरात ‘नाही’ म्हणण्याइतकी जागा तिला वाटली नाही. हा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. पण तसे ठरवण्याआधी तिला एकदा विचारा.

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेले गृहीतक मला थोडे हलवून पाहायचे आहे. मदत आणि स्वावलंबन या तराजूच्या दोन बाजू आहेत, एक खाली गेली की दुसरी वर येते, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमचे पतीही तसेच म्हणतात. अनुभव मात्र वेगळे सांगतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात फ्रँक फर्स्टनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे 300 किशोरवयीन मातांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. त्यातल्या बहुतेक गरीब घरांतल्या होत्या. सुरुवातीच्या वर्षांत चित्र निराशाजनकच होते: शिक्षण तुटलेले, काम अनियमित, हातात पैसा नाही. सुमारे सतरा वर्षांनी संशोधक पुन्हा त्याच स्त्रियांना भेटले, तेव्हा त्यांपैकी अनेकींनी सोडलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले होते आणि त्या स्थिर नोकरी करत होत्या. याच अभ्यासाच्या आधीच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट नोंदवली गेली होती. ज्या मुली बाळंतपणानंतर लगेच घराबाहेर न पडता आई-वडिलांच्या आधाराने राहिल्या, त्या शिक्षणात आणि कमाईतही लवकर बाहेर पडलेल्यांपेक्षा पुढे गेल्या. हे वाचून माझ्या मनात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. आधार लवकर काढून घेतला म्हणून कोणी लवकर उभे राहत नाही. आणि अशा आयुष्याची मोजणी महिन्यांत करायची नसते. तुमची बहीण आज जिथे आहे, तिथून ती पाच वर्षांनी कुठे असेल हे कोणीही सांगू शकणार नाही, तुम्हीही नाही आणि मीही नाही. मात्र दोन महिन्यांनी अकरा महिन्यांच्या बाळासह तिला घर शोधावे लागले, तर ती जे मिळेल त्या कामाला, मिळेल त्या खोलीला आणि कदाचित मिळेल त्या माणसालाही ‘हो’ म्हणेल. त्या ‘हो’मधून सुटायला मग खरोखरच वर्षे जातात.

याचा अर्थ आजवर चालले तसेच चालू द्यावे, असा मुळीच नाही. त्यात तुम्ही झिजाल आणि तीही. बदलायला हवी ती मदतीची रीत.

त्याआधी एक निकडीची गोष्ट. दिवसा झोपणे, रडू येणे, काही ठरवता न येणे, दोनदा सुरू केलेले सोडून देणे, ही सगळी आळसाची लक्षणे म्हणून तुमच्यापुढे आली आहेत. डॉक्टर ती प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे म्हणूनही तपासतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात नैराश्य प्रमुख असते. जोडीदाराने साथ सोडलेली असेल, तर हा धोका वाढतो. हे पहिल्या पंधरवड्यातच दिसते असे नाही. बाळ वर्षाचे होईपर्यंत कधीही डोके वर काढू शकते. त्यासाठी 1987 मध्ये तयार झालेली, एडिनबरा शहराच्या नावाने ओळखली जाणारी दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत कसे वाटले एवढेच त्यात विचारतात, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे ती मिळेल. सोबत रक्तक्षय आणि थायरॉइड यांची तपासणीही करून घ्या, कारण बाळंतपणानंतरच्या वर्षात या दोन्हींमुळे शरीर असेच गळून जाते आणि दोन्हींवर उपचार आहेत. जिवाला कंटाळल्याचे, किंवा बाळाला आपल्याशिवायच बरे होईल असले काही ती बोलली असेल, तर या पत्राचा उरलेला भाग नंतर वाचा आणि आजच तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. तिला एकटी सोडू नका. उपचार सुरू होईपर्यंत कोर्स, नोकरी, मुदत यांपैकी काहीही बोलायचे नाही, एवढे माझे ऐका.

आता त्या दोनदा सुटलेल्या कोर्सकडे येते. ‘बाळाला बरे नाही’ हे तुम्हाला निमित्त वाटते. मला ते खरे कारण वाटते, आणि एकट्या आईची नोकरी नेमकी कुठे सुटते हे त्यातून कळते. लहान मुलांना वर्षाकाठी 6 ते 8 वेळा सर्दी-पडसे होणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि पाळणाघरात नव्याने जाऊ लागलेल्या बाळाला त्याहूनही जास्त वेळा होते, कारण तोवर घरात वाढलेल्या त्या जिवाला एकदम दहा मुलांचा संसर्ग भेटतो. प्रत्येक आजारपण पाच-सात दिवस खाते. ताप असला की पाळणाघर बाळाला घेत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी दोन पालकांच्या घरात एक जण रजा काढतो. तुमच्या बहिणीच्या बाजूला तो दुसरा माणूस नाही. पहिल्या तीन आठवड्यांत एकदा ताप आला, चार तास बुडले, मागचे समजेना, लाज वाटली, पाचव्या दिवशी जायचेच राहिले, असे ते घडले असणार. अशा वेळी मुलीच्या जिद्दीबद्दल बोलून काही साधत नाही. त्या चार दिवसांची सोय कोणी करायची, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कागदावर लिहून काढता येते.

म्हणून पुढचा कोर्स किंवा काम सुरू होण्याआधी तुम्ही दोघींनी बसून ‘तापाच्या दिवसाचा’ विचार करा. पहिल्या दिवशी कोण थांबेल, दुसऱ्या दिवशी कोण, आणि दोघींनाही शक्य नसेल तर तिसरे नाव कोणाचे, शेजारच्या कोणाचे, जुन्या मैत्रिणीचे, की पैसे घेऊन घरी येणाऱ्या बाईंचे? फी भरण्याआधी संस्थेला विचारा: किती तास बुडले तर चालते, बुडालेला भाग नंतर भरून काढता येतो का, मध्येच थांबावे लागले तर पुढच्या तुकडीत बसता येते का? ज्या संस्थेकडे याची उत्तरे नाहीत, तिची फी कमी असली तरी अशा मुलीला ती महागच पडते. पाळणाघरही एकदम पूर्ण दिवसाचे नको. कोर्स सुरू होण्याआधी महिनाभर रोज थोडा वेळ बाळ तिथे रुळू द्या, म्हणजे सुरुवातीची सर्दी-पडशी आणि रडारड कोर्सच्या आधीच उरकतील.

कोणता कोर्स, हे मात्र तिनेच ठरवायचे. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावात डेव्हिड ओल्ड्स यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एक उपक्रम सुरू केला. पहिलटकरीण मातांकडे, ज्यांत तरुण, अविवाहित आणि गरीब मुली पुष्कळ होत्या, प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत नियमित जात राहिल्या. पंधरा वर्षांनी पाहणी केली, तेव्हा अविवाहित आणि गरीब मातांमध्ये, ज्यांच्याकडे परिचारिका गेल्या होत्या त्या सरकारी मदतीवर कमी काळ राहिल्या होत्या आणि त्यांच्या पुढच्या बाळंतपणांत अंतरही अधिक होते. परिचारिकांच्या कामाची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. ‘तुला काय हवे आहे?’ असे त्या आईला विचारत, उत्तर कितीही लहान असो, तिथूनच सुरुवात करत आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल पुन्हा विचारत. तुमची बहीण कदाचित म्हणेल, ‘मला सध्या फक्त सकाळी दोन तास बाहेर पडायचे आहे.’ ते उत्तर कमी प्रतीचे समजू नका. सहा महिने घरात कोंडलेल्या मुलीने दोन तासांचे अर्धवेळ काम तीन महिने टिकवले, तर तिच्या हाती कोर्सच्या प्रमाणपत्राहून मोठे काही आलेले असेल.

पैशांबद्दल स्पष्ट बोला, कारण बहिणी-बहिणींत हाच विषय गिळला जातो आणि मग भलत्याच भांडणातून बाहेर पडतो. तिचे स्वतःच्या नावाचे बँक खाते असावे आणि त्याचे व्यवहार तिनेच पाहावेत. महिन्याला ठरलेली रक्कम तुम्ही एकदम तिच्या खात्यात टाका. बाळाच्या प्रत्येक डब्यासाठी आणि औषधासाठी तिला तुमच्यापुढे हात पसरावा लागू नये. रक्कम लहान असली तरी चालेल, ती ठरलेल्या तारखेला येते याला महत्त्व आहे. त्यात ती चुकेल, कधी महिना संपायच्या आधी पैसे संपतील. तेव्हा लगेच भरून देऊ नका आणि टोमणाही मारू नका, पुढच्या महिन्याचा हिशेब तिच्याबरोबर बसून मांडा. कमाई सुरू झाल्यावर मदत एका झटक्यात बंद करू नका. पाळणाघर, प्रवास आणि औषधे वजा केल्यावर पहिल्या पगारातून फारच थोडे उरते, आणि त्याच महिन्यात आधार गेला तर काम करण्यापेक्षा घरी बसलेले बरे असा हिशेब कोणीही मांडेल. पहिले काही महिने तिने घरखर्चाला नाममात्र हातभार लावावा आणि उरलेले साठवावे. स्वतंत्र खोलीची अनामत आणि तीन महिन्यांचा खर्च एवढी शिल्लक झाली की वेगळे राहण्याचे बोलणे सुरू करा. मुदत द्यायचीच असेल, तर ती अशा शिलकीची द्यावी, कॅलेंडरवरच्या तारखेची देऊ नये.

बाळाच्या बापाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. बाळाचे पालनपोषण ही दोन्ही पालकांची जबाबदारी आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे 18 वे कलम सांगते, आणि बापाकडून निर्वाहखर्च वसूल करून देण्याची व्यवस्था राष्ट्रांनी करावी, असे 27 वे कलम सांगते. हा खर्च बाळाच्या हक्काचा आहे; आई-बापाचे आपसांत काय झाले यावर तो अवलंबून नसावा. म्हणून ‘त्याचा पैसाच नको’ असे स्वाभिमानाने म्हणण्याआधी बहिणीने एकदा वकिलाचा किंवा मोफत विधी सल्ला केंद्राचा सल्ला घ्यावा. जन्मनोंदणी, दवाखान्याचे आणि लसीकरणाचे कागद, स्वतःचे ओळखपत्र आणि शिक्षणाची प्रमाणपत्रे एका पिशवीत, तिच्याच ताब्यात असू द्या. त्या माणसाने मारहाण केली असेल किंवा धमकावले असेल, तर मात्र त्याच्याशी कोणताही संपर्क करण्याआधी तिच्या सुरक्षिततेचा विचार जाणकारांबरोबर करा.

आणि तुमचे काय? तुम्ही स्वतःबद्दल फार कमी लिहिले आहे. तुमच्या मुलाला या सहा महिन्यांत आई कितपत मिळाली, पतीच्या बोलण्यात राग आहे की काळजी, तुम्ही शेवटच्या निवांत कधी बसलात? मदत करणाऱ्याने आपली मर्यादा सांगणे हा कठोरपणा नाही. ‘रात्री दहानंतर बाळ मी घेणार नाही’, ‘रविवार आमच्या तिघांचा’, ‘महिन्याला एवढेच मला देता येईल’, अशी वाक्ये शांतपणे आणि आधीच सांगितली, तर समोरच्यालाही त्यांच्या भोवती आपले आयुष्य आखता येते. न सांगितलेली मर्यादा एके दिवशी फुटते आणि मुदत होऊन बाहेर पडते. पतीलाही या बोलण्यात घ्या. ‘डोक्यावर बसवलेस’ हे त्यांचे वाक्य बाजूला ठेवून त्यांना एवढेच विचारा, की तुम्हाला यातले नेमके काय जड जाते आहे?

तपासणी झाली, सोय लागली, निवड तिची आहे, पैशांचे ठरले आहे, आणि तरीही वर्षभरात काहीच हलले नाही, तर? ही शक्यता आहे, आणि ती लपवून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तेव्हा वेगळे राहण्याचे बोलणे न्याय्यच ठरेल. मात्र जवळपासच, बाळाच्या आजारपणात एकमेकींकडे पोहोचता येईल अशा अंतरावर. घर वेगळे झाले म्हणून नाते तुटायला नको.

तुमच्या बहिणीच्या जागी असलेल्या काही जणीही हे वाचत असतील. त्यांना एवढेच सांगते, की ज्यांच्या घरी राहता त्यांना तुमच्या मनातले आपोआप कळत नाही. ‘मला हा कोर्स नको’ हे दोनदा सोडून देण्यापेक्षा एकदा बोलून सांगणे सोपे जाते. बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहा. सांगताना काय जमत नाही याच्याबरोबर काय जमते तेही लिहा, अगदी बाळाला शांत झोपवणे असले तरी.

ताई, या आठवड्यात तुम्ही एवढे करा. बोलायला बसण्याची वेळ बहिणीला ठरवू द्या, बाळ झोपलेले असेल अशी. सुरुवातीलाच सांगा, की दोन महिन्यांची मुदत मी रागात बोलले आणि ती मागे घेते. फ्रिजच्या दारावरचा तो कागद त्याआधीच काढून ठेवा. मग तिला विचारा, की सकाळचे गरम पाणी किती वाजता तुझे? ती जी वेळ सांगेल, ती घरातल्या सगळ्यांना सांगून टाका.